यशवंतराव चव्हाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री एवढीच यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांची ओळख अनेकांना असते, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीवर येऊन थांबते. त्यांचे बालपण, त्यांच्या निवडणुका, त्यांची काम करण्याची रीत आणि त्यांच्यावर झालेली टीका यांविषयी जे प्रश्न नेहमी कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. ज्या प्रश्नांत माणूस दिसतो, तेथे आवरते घेणे योग्य वाटले नाही.

त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातला की सांगली जिल्ह्यातला?

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, म्हणजे आजोळी, त्यांचा जन्म झाला. त्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यात होते. पुढे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. चव्हाणांचे मूळ गाव विट्याजवळचे ढवळेश्वर. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते आणि या नोकरीमुळेच कुटुंब कऱ्हाडला आले. यशवंतराव अगदी लहान असतानाच वडील प्लेगच्या साथीत गेले, आणि आई विठाबाई यांनी अत्यंत ओढगस्तीत मुलांना वाढवले. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. मात्र मुलांनी शिकलेच पाहिजे याविषयी त्या ठाम होत्या. त्या जात्यावर ओव्या म्हणत, आणि संकटाचे ढग सूर्यचंद्रावरूनही सरकून जातात असा धीर त्या ओव्यांतून मुलांना देत, हे यशवंतरावांनी उतारवयातही आवर्जून सांगितले आहे.

‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ ही गोष्ट खरी आहे का?

ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षकांनी एकदा वर्गातल्या मुलांना प्रत्येकी एका चिठ्ठीवर आपण पुढे कोण होणार ते लिहायला सांगितले. मुलांनी त्या काळातल्या थोर पुरुषांची नावे लिहिली. या मुलाने मात्र ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असे लिहिले. चिठ्ठी वाचून शिक्षकांना तो मुलगा अहंकारी वाटला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत अशा गोष्टी मागाहून फुगवून सांगितल्या जातात, हे खरे. परंतु या गोष्टीचा सूर फुशारकीचा नाही. दुसऱ्या कोणाची नक्कल होण्यापेक्षा आपण आपल्यासारखे व्हावे, एवढाच त्या उत्तराचा अर्थ होता, असे त्यांच्या एकंदर स्वभावाकडे पाहता म्हणता येते.

त्यांचे शिक्षण किती झाले होते?

ते बी.ए., एल्एल.बी. होते, परंतु शिक्षणाचा हा रस्ता सरळ नव्हता. १९३२ मध्ये कऱ्हाडला राष्ट्रध्वज फडकवल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा ते शाळेतच होते. येरवडा आणि विसापूर येथील तुरुंगवास ही त्यांची दुसरी शाळा ठरली, कारण तेथे वयाने आणि वाचनाने मोठ्या असलेल्या राजबंद्यांकडून त्यांना इतिहास, साहित्य आणि मार्क्सवाद यांची ओळख झाली. सुटका झाल्यावर १९३४ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९३८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि १९४१ मध्ये पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी कऱ्हाडला वकिली सुरू केली. काही काळ क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे त्यांना मोठे आकर्षण होते. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर मात्र त्यांची वाट वेगळी झाली.

१९४२ च्या आंदोलनात त्यांनी काय केले?

जून १९४२ मध्ये फलटणच्या मोरे घराण्यातील वेणूताईंशी त्यांचे लग्न झाले आणि दोनच महिन्यांत ‘चले जाव’चा ठराव आला. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर जे मोर्चे निघाले, त्यांच्या आखणीत ते पुढे होते. नंतर ते भूमिगत झाले. ते सापडत नाहीत म्हणून पोलिसांनी नवविवाहित वेणूताईंना अटक केली. १९४३ मध्ये पत्नीचे आजारपण कळल्यावर धोका पत्करून ते फलटणला गेले आणि तेथेच पकडले गेले. त्या काळाचा जो ताण वेणूताईंनी सोसला, त्याची जाणीव यशवंतरावांनी आयुष्यभर ठेवली. त्यांना मूलबाळ झाले नाही.

ते पहिल्यांदा कधी निवडून आले आणि कधी पराभूत झाले का?

१९४६ मध्ये दक्षिण साताऱ्यातून ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर गेले आणि गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. १९५२, १९५७ आणि १९६२ या विधानसभेच्या, तसेच १९६३ (नाशिकची बिनविरोध पोटनिवडणूक), १९६७, १९७१, १९७७ आणि १९८० या लोकसभेच्या निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९६७ पासून सातारा हाच त्यांचा मतदारसंघ होता.

पराभव त्यांच्या वाट्याला आला नाही. तरी १९५७ मध्ये तो अगदी दाराशी येऊन गेला. मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बुरूज ढासळत होते, आणि विद्यमान मुख्यमंत्री असूनही यशवंतराव कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी तरले. त्या निवडणुकीत मुंबई राज्यातील काँग्रेसचे बहुमत टिकले ते मुख्यतः गुजरात आणि विदर्भ या भागांच्या बळावर. ज्या मराठी मुलखाचे आपण प्रतिनिधी म्हणवतो त्याच मुलखाने आपल्याला नाकारले आहे, हे त्यांना त्या निकालाने स्पष्ट दाखवले; आणि पुढच्या तीन वर्षांतले त्यांचे राजकारण या एका जाणिवेभोवती फिरले, असे माझे मत आहे. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. हे दोन निकाल शेजारी ठेवले की मधल्या काळात काय घडले हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मुख्यमंत्रिपदावर त्यांची निवड कशी झाली?

१९५६ मध्ये स्वतंत्र मराठी राज्याऐवजी गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ आणि मराठवाडा यांच्यासह एक प्रचंड द्विभाषिक मुंबई राज्य स्थापन करण्याचा निर्णय संसदेने घेतला. मोरारजी देसाई नेतृत्वाच्या स्पर्धेतून बाजूला झाल्यावर भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव यांच्यात निवडणूक झाली, आणि यशवंतराव मोठ्या फरकाने विजयी झाले. गुजराती आमदारांचा पाठिंबा त्यात निर्णायक होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

त्यांनी संयुक्त महाराष्ट्राला विरोध केला होता, हे खरे का?

हा प्रश्न आजही तावातावाने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. संयुक्त महाराष्ट्र व्हावा अशीच त्यांची इच्छा होती. मात्र पक्षाचा निर्णय मोडून आणि नेहरूंशी संघर्ष करून तो मिळवावा हे त्यांना मान्य नव्हते. १९५५ च्या अखेरीस फलटण येथे त्यांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंना मोठे मानू, अशा आशयाचे विधान केले आणि त्याने मराठी मन दुखावले. गोळीबारात शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडलेल्या त्या काळात या विधानाचा राग येणे स्वाभाविक होते. ‘सूर्याजी पिसाळ’, म्हणजे फितूर, ही शिवी त्यांना जाहीर सभांतून ऐकावी लागली.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावरील शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने जी निदर्शने केली, त्यांत मराठी जनतेच्या असंतोषाचे आकारमान पंतप्रधानांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. समितीचे आंदोलन नसते तर दिल्ली हलली नसती, हे निर्विवाद आहे. दिल्लीचे मन वळवण्याचे काम मात्र आतल्या माणसालाच करता येण्यासारखे होते. द्विभाषिक राज्य मी प्रामाणिकपणे चालवून पाहिले, ते लोकांनी मनापासून स्वीकारलेले नाही, असे सांगण्याचा नैतिक अधिकार यशवंतरावांनी मिळवला होता, कारण त्यांनी ते खरोखरच चालवून दाखवले होते. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधी यांचीही विभाजनाला अनुकूलता मिळाली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या डांग, उंबरगाव, बेळगाव आणि कारवार यांच्याविषयीची खंत मात्र राहिलीच, आणि तिचा जाब विचारणाऱ्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही.

श्रेय कोणाचे, हा वाद पुष्कळ झाला आहे. लढा समितीचा आणि वाटाघाट यशवंतरावांची, असे म्हटले की दोन्ही बाजूंचे कडवे समर्थक नाराज होतात. तरीही कागदपत्रांना धरून जाणारे उत्तर तेच आहे.

हे राज्य ‘मराठा’ असेल की ‘मराठी’, असे त्यांना कोणी विचारले होते?

नागपूरचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी. बहुसंख्य जातीच्या हातात सत्ता जाणार, ही भीती तेव्हा अनेकांच्या मनात होती आणि माडखोलकरांनी ती स्पष्टपणे बोलून दाखवली. हे राज्य मराठी जनतेचे असेल, असे उत्तर यशवंतरावांनी दिले. उत्तर देऊन ते थांबले नाहीत, हे महत्त्वाचे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या दलितांच्या सवलती धर्मांतरामुळे जाऊ नयेत म्हणून त्या राज्याच्या पातळीवर चालू ठेवण्याचा निर्णय नव्या राज्याने घेतला. त्याआधी १९५८ मध्ये महार वतने, म्हणजे गावकीच्या सेवेला बांधून ठेवणारी वंशपरंपरागत वतने, रद्द करण्याचा कायदा झाला होता, ज्याची मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे करीत आले होते. पुढील दशकांत सत्तेची रचना कोणत्या दिशेने गेली, हा वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

मुख्यमंत्री म्हणून त्यांची ठळक कामे कोणती?

यादी मोठी करता येईल, परंतु दोन गोष्टी अधिक खोलवर रुजल्या. पहिली म्हणजे जिल्हा परिषद. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. या कायद्यात कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले गेले. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा अशी कामे निवडून आलेल्या माणसांकडे आली आणि त्यांच्या हाताखाली मुख्य कार्यकारी अधिकारी आला. ज्या गावकऱ्याने आजवर मामलेदाराच्या कचेरीबाहेर अर्ज धरून ताटकळायचे, तोच आता सभापतीच्या खुर्चीवर बसून शाळेची खोली कोणत्या वाडीला द्यायची याचा निर्णय करू लागला. महाराष्ट्राच्या पुढच्या कित्येक मंत्र्यांची उमेदवारी याच खुर्च्यांवर झाली.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना जातीचा विचार न करता फी माफ करण्यात आली. ‘ई.बी.सी.’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) हे तीन अक्षरी नाव त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या घरांत इतके रुळले की त्याचे पूर्ण रूप काय हे विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही. फीचे पैसे नाहीत म्हणून शाळेबाहेर राहण्याची वेळ काय असते, हे या मुख्यमंत्र्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

याशिवाय कमाल जमीनधारणा कायदा, औद्योगिक विकास महामंडळ, औरंगाबाद आणि कोल्हापूर येथील विद्यापीठे, सहकारी साखर कारखान्यांना दिलेले बळ, १९६० मध्येच स्थापन झालेले भाषा संचालनालय आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संस्कृती मंडळ ही कामे त्यांच्याच कारकिर्दीतली.

‘बेरजेचे राजकारण’ म्हणजे काय?

हा शब्दप्रयोग त्यांच्याच नावाशी जोडला गेला आहे. विरोधकाला संपवण्यापेक्षा त्याला आपल्यात सामावून घ्यावे, या धोरणाला ते बेरीज म्हणत. शेतकरी कामगार पक्षातील यशवंतराव मोहिते यांच्यासारखे कार्यकर्ते या धोरणामुळे काँग्रेसमध्ये आले. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : समर्थ विरोधी पक्ष उभा राहण्याची महाराष्ट्रातील शक्यता या बेरजेने बरीच कमी केली. त्यांच्यासाठी जी बेरीज होती, ती शेतकरी कामगार पक्षाच्या वहीत वजाबाकी म्हणून नोंदली गेली.

१९६२ मध्ये ते अचानक दिल्लीला का गेले?

चीनच्या आक्रमणात भारतीय सेनेची पीछेहाट झाली, कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि नेहरूंनी त्या जागी यशवंतरावांना बोलावले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून मराठीत रूढ झाले. योगायोग असा की त्यांनी २१ नोव्हेंबरला नवी जबाबदारी घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. लढाई थांबली होती. मोडलेला आत्मविश्वास उभा करायचा होता. सव्वाआठ लाखांची सेना, नवे डोंगरी विभाग आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनचे हवाई दल हे उद्दिष्ट असलेली पंचवार्षिक संरक्षण योजना १९६४ मध्ये आली. सेनापतींच्या दैनंदिन कामात ढवळाढवळ करायची नाही, परंतु धोरणाचा शब्द मंत्र्याचाच, ही मर्यादा त्यांनी पाळली.

ते निर्णय घेताना फार वेळ लावत, असे म्हणतात. १९६५ च्या युद्धात काय झाले?

१ सप्टेंबर १९६५ ची दुपार या समजुतीला छेद देते. त्या दिवशी पहाटे पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घुसवले. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी हे हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांच्यासह संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि त्यांनी विमानांची मदत मागितली. विमाने वापरणे म्हणजे सीमेवरची चकमक खुल्या युद्धाकडे नेणे, हे खोलीतल्या सर्वांना ठाऊक होते. यशवंतरावांनी पंतप्रधान शास्त्रीजींच्या संमतीची वाट न पाहता काही मिनिटांतच परवानगी दिली. सायंकाळी साडेपाचच्या आत पठाणकोटहून पहिली विमाने उडाली. त्या संध्याकाळी हवाई दलाने चार व्हॅम्पायर विमाने गमावली, ही किंमतही त्याच निर्णयाच्या खाती आहे. युद्धाच्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत होते.

वेळ लावणे हा त्यांचा स्वभाव होता, असे म्हणण्यापेक्षा वेळ ओळखणे हा होता, असे म्हणावे. दार बंद होत असेल तर ते चटकन निर्णय करीत. दार उघडे असेल तर ते थांबत, आणि कधीकधी फार थांबत.

त्यांची कामाची पद्धत कशी होती?

ऐकणे हा तिचा पाया होता. समोरचा माणूस बोलत असताना ते मध्ये तोडत नसत, आणि बैठकीत आपले मत शेवटी मांडत. आरंभीच मुख्यमंत्री बोलले की मग बाकीचे फक्त माना हलवतात, हे सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या फार थोड्यांना उमगते. अधिकाऱ्यांना मोकळेपणाने विरुद्ध मत देता येई. कार्यकर्त्याला त्याच्या नावाने हाक मारून गावची विचारपूस करण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती.

वाचन हा त्यांचा विसावा होता. परराष्ट्रमंत्री असोत वा संरक्षणमंत्री, पुस्तके त्यांच्याबरोबर प्रवास करीत, आणि लेखक, नट, गायक यांच्या सहवासात ते मनापासून रमत. परदेश दौऱ्यांवरून ते वेणूताईंना सविस्तर पत्रे लिहीत. त्यांत वाटाघाटींइतकेच हवामान, माणसे आणि शहरांची वर्णने असतात. त्यांची भाषणेही अशीच, संथ लयीत सुरू होऊन हळूहळू पकड घेणारी होती. आत्मचरित्राचा १९४६ पर्यंतचा ‘कृष्णाकाठ’ हा एकच भाग त्यांच्या हातून लिहून झाला.

अर्थमंत्री म्हणून त्यांची कारकीर्द कशी झाली?

१९७० ते १९७४ हा काळ कठीण होता. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागले, मग युद्ध आले, दुष्काळ आला आणि तेलाच्या किमती भडकल्या. १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटी रुपयांची तूट होती आणि तो ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला जातो. अर्थ हे त्यांचे सर्वांत चमकदार खाते नव्हते.

त्यांना ‘कुंपणावरचे’ नेते का म्हणत?

१९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून काँग्रेसमध्ये फूट पडण्याची वेळ आली, तेव्हा संसदीय मंडळात त्यांनी इंदिरा गांधींना नको असलेल्या संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. प्रत्यक्ष फुटीत मात्र ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ते मंत्रिमंडळात कायम राहिले. त्यांच्या अनेक चाहत्यांना ही गोष्ट अजून सलते, आणि तिचे समर्थन करता येत नाही. १९७८ च्या फुटीत ते इंदिराविरोधी गटात गेले. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते या नात्याने त्यांनी मांडलेल्या अविश्वास प्रस्तावाच्या झंझावातात मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला, आणि राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी प्रथम यशवंतरावांनाच बोलावले. बहुमत जमेना, म्हणून चार दिवसांनी त्यांनी असमर्थता कळवली. एका मराठी माणसाच्या हाताला पंतप्रधानपद लागता लागता राहिले ते असे. त्यानंतर ते चरणसिंग यांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, आणि १९८१ मध्ये पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले.

बेरजेचे राजकारण करणाऱ्याला फूट सहन होत नाही. बाजू घेण्याची सक्ती झाली की तो शेवटच्या क्षणापर्यंत जोडण्याची वाट शोधत राहतो. मुंबईत हा गुण उपयोगी पडला. दिल्लीत, जेथे इंदिरा गांधी वेगाने आणि एकहाती खेळत होत्या, तोच गुण त्यांना मागे खेचत राहिला.

महाराष्ट्राचे इतर चव्हाण मुख्यमंत्री त्यांचे नातेवाईक आहेत का?

नाहीत. शंकरराव चव्हाण आणि त्यांचे पुत्र अशोक चव्हाण हे नांदेडचे. पृथ्वीराज चव्हाण यांचे राजकारण कऱ्हाडचेच असले तरी त्यांचे घराणे वेगळे आहे. शंकररावांनीही केंद्रात संरक्षण, गृह आणि अर्थ ही तिन्ही खाती सांभाळल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो, आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी त्यात हमखास सापडतात.

त्यांची शेवटची वर्षे कशी गेली?

१९८२ मध्ये ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. राजकारणात मात्र ते एकटे पडले होते. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर महिन्याच्या आत, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. त्यांची पुस्तके त्याच गावात, वेणूताईंच्या नावाने उभारलेल्या स्मारकात ठेवलेली आहेत.